चार केबलींची एक मोट : स्टोरेज नेटवर्कमधलं लिंक ॲग्रिगेशन आणि ट्रंकिंग



शाळेत आपण मुलांना संगणकाचे भाग शिकवतो, इंटरनेट शिकवतो, फार तर 'स्विच' आणि 'सर्व्हर' हे शब्द फळ्यावर लिहितो. पुढे हीच मुलं डिप्लोमाला किंवा आयटीआयला जातात. मग सुट्टीत घरी आल्यावर 'ट्रंकिंग', 'पोर्ट चॅनल', 'फॅब्रिक' असे शब्द त्यांच्या तोंडी ऐकू येतात. घरच्यांना वाटतं, हे काहीतरी फार अवघड आहे. मुलालाही बऱ्याचदा शब्द पाठ असतो, पण आतली गंमत कळलेली नसते.

खरं सांगायचं तर ही कल्पना आपल्या वरणगावच्या माणसाला सगळ्यात सोपी जायला हवी, कारण तिचं मोठं उदाहरण आपल्या दाराशीच आहे. चला तर मग, सुरुवात नकाशापासून करू.

१) आधी रेल्वेचा नकाशा उघडा

जळगाव आणि भुसावळ. अंतर सुमारे २४ किलोमीटर. पश्चिमेकडून जळगावला दोन मार्ग येऊन मिळतात : एक मुंबईकडून आणि दुसरा सुरतकडून. भुसावळच्या पुढे पुन्हा दोन फाटे फुटतात : एक खंडवा-इटारसीकडे आणि दुसरा आपल्या वरणगाववरून अकोला-बडनेऱ्याकडे.

आता चार गाड्या घ्या. महानगरी मुंबईहून येते आणि खंडव्याकडे जाते. विदर्भ एक्सप्रेस मुंबईहून येते आणि नागपूरकडे जाते. ताप्तीगंगा सुरतकडून येते आणि खंडव्याकडे जाते. नवजीवन सुरतकडून येते आणि अकोल्याकडे जाते. चौघींचे रस्ते वेगवेगळे, पण जळगाव ते भुसावळ हा तुकडा चौघींनाही चुकत नाही. शिवाय मालगाड्या आहेतच. मग दोन रुळमार्ग अपुरे पडू लागले आणि या तुकड्यात तिसरी व चौथी लाइन टाकावी लागली.

इथे एक गोष्ट मुलांना मुद्दाम विचारा : रेल्वेने मुंबईपर्यंतचा सगळा मार्ग एकदम चौपदरी का नाही केला? आधी हाच तुकडा का धरला? उत्तर सोपं आहे. जिथे अनेकांचे रस्ते एक होतात, तिथेच गर्दी साचते. तोच तुकडा रुंद केला की सगळ्यांची सुटका होते.

स्टोरेज नेटवर्कमध्ये दोन स्विचच्या मधली केबल म्हणजे हा जळगाव-भुसावळचा तुकडा. तिला 'इंटर स्विच लिंक' किंवा थोडक्यात 'आयएसएल' म्हणतात. एक केबल पुरत नाही, म्हणून दोन, चार, आठ केबली टाकायच्या आणि त्यांची एकच मोट बांधायची, याचं नाव लिंक ॲग्रिगेशन.

२) हे नेटवर्क असतं कुठे?

आपण वरणगावच्या एटीएममधून पगाराचे पैसे काढतो. त्याची नोंद त्या यंत्रात राहत नाही, ती दूर बँकेच्या डेटा सेंटरमध्ये जाते. महाराष्ट्रात अशी केंद्रं नवी मुंबईत बरीच आहेत. ऐरोली, रबाळे, महापे हा पट्टा त्यासाठीच ओळखला जातो, आणि स्टेट बँकेचं ग्लोबल आयटी सेंटर बेलापूरला आहे.

घरच्या संगणकात विचार करणारा भाग आणि साठवणारी डिस्क एकाच डब्यात असतात. मोठ्या केंद्रात ही सांगड सोडवतात. हिशेब करणारे सर्व्हर एका बाजूला, आणि शेकडो डिस्क असलेली साठवणीची कपाटं दुसऱ्या बाजूला. याने काय होतं? सर्व्हर बिघडला तरी माहिती सुरक्षित राहते आणि दुसरा सर्व्हर तीच माहिती उघडू शकतो. जागा कमी पडली तर फक्त कपाट वाढवायचं.

या दोन बाजूंना जोडणारं खास जाळं म्हणजे 'स्टोरेज एरिया नेटवर्क', म्हणजेच 'सॅन'. त्यात बहुतेक ठिकाणी 'फायबर चॅनल' ही पद्धत वापरतात. तिचं पहिलं प्रमाणित रूप १९९४ साली मंजूर झालं. माहितीचे छोटे तुकडे करून पाठवतात, त्या प्रत्येक तुकड्याला 'फ्रेम' म्हणतात. एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २११२ बाइट माल बसतो.

म्हणजे स्विच हे स्टेशन, केबल हा रूळ आणि फ्रेम ही गाडी. एवढं पक्कं झालं की पुढचं सोपं आहे.

३) 'ट्रंक' या शब्दाचा घोटाळा

पालकांपैकी अनेकांना 'ट्रंक कॉल' आठवत असेल. एक्सचेंजला फोन करून नंबर बुक करायचा आणि लागेपर्यंत वाट बघायची. दोन गावांच्या एक्सचेंजमधली जी सामायिक मुख्य लाइन, ती ट्रंक लाइन. तोच शब्द पुढे संगणक जाळ्यांत आला, पण वेगवेगळ्या कंपन्यांनी तो वेगवेगळ्या अर्थाने वापरला. मुलं अडखळतात ती इथेच.

- ब्रोकेडच्या भाषेत ट्रंकिंग म्हणजे अनेक केबली मिळून एक मोठी लिंक करणं. एका ट्रंकमध्ये जास्तीत जास्त ८ केबली.
- सिस्कोच्या भाषेत केबली एकत्र बांधण्याला 'पोर्ट चॅनल' म्हणतात. त्यात जास्तीत जास्त १६ केबली. आणि ट्रंकिंग म्हणजे एकाच लिंकवरून अनेक वेगवेगळ्या आभासी जाळ्यांची वाहतूक नेणं. या आभासी जाळ्याला ते 'व्हीसॅन' म्हणतात.
- ऑफिस-शाळेतल्या साध्या इथरनेट जाळ्यात केबली बांधण्याला 'लिंक ॲग्रिगेशन' म्हणतात. त्याचं प्रमाण २००० साली आलं.

रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर ब्रोकेडची ट्रंक म्हणजे चार रूळ मिळून एक मार्ग. सिस्कोची ट्रंक म्हणजे एकाच रुळावरून प्रवासी गाडी, मालगाडी आणि लष्करी गाडी जाते, पण एकीचे डबे दुसरीत मिसळत नाहीत. दोन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत आणि एकत्रही वापरता येतात. पण गोष्टी दोन आहेत, हे ध्यानात ठेवा. मुलाखतीत 'ट्रंकिंग म्हणजे काय?' असं विचारलं, तर 'कोणत्या कंपनीच्या स्विचवर?' हा उलट प्रश्न विचारणाऱ्या मुलाला विषय कळलाय असं खुशाल समजावं.

४) कोण कोणत्या केबलने जाणार?

चार केबली टाकल्या. आता आलेली फ्रेम कुठल्या केबलवर सोडायची? याच्या दोन पद्धती आहेत, आणि दोन्ही तिकिटाच्या खिडकीवर दिसतात.

*पहिली पद्धत : खिडकी आधीच ठरलेली.* समजा स्टेशनावर पाटी लावली की आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून खिडकी ठरेल. नियम सोपा आहे, भांडण नाही. पण आपल्या भागात काय होईल? 'प'च्या खिडकीवर पाटलांची रांग दारापर्यंत जाईल, 'च'च्या खिडकीवर चौधरी उभे राहतील, आणि 'ढ'च्या खिडकीतला माणूस पेपर वाचत बसेल! स्विचमध्येही पाठवणारा कोण, घेणारा कोण यावरून एक आकडा काढतात आणि त्यावरून केबल ठरवतात. बऱ्याच ठिकाणी त्यात व्यवहाराचा क्रमांकही धरतात, म्हणजे विभागणी जरा बरी होते. तरीही एक केबल तुडुंब आणि दुसरी रिकामी असं होऊ शकतं.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. या पद्धतीत एका जोडीचा एक व्यवहार एकाच केबलने जातो. म्हणून चार केबली बांधल्या म्हणून एकच मोठी फाइल चौपट वेगाने जाईल, असं होत नाही. चार जणांची कामं एकदम होतील, एवढंच.

*दुसरी पद्धत : रांग एकच, रिकामी असेल ती खिडकी तुमची.* ब्रोकेडची ट्रंक असं करते. फ्रेम आली की मोकळी असेल त्या केबलवर सोडायची. इथे आडनाव बघितलं जात नाही, त्यामुळे चारही केबली जवळपास सारख्या भरतात. एकच मोठा व्यवहारही चौघींवर पसरू शकतो.

मग सगळीकडे दुसरीच पद्धत का नाही? कारण तिच्या अटी कडक आहेत. त्या पुढे बघू.

५) क्रम चुकता कामा नये

पत्राची पाच पानं पाच वेगवेगळ्या माणसांच्या हाती दिली तर तिसरं पान दुसऱ्याच्या आधी पोचू शकतं. साठवणीच्या कामात हे चालत नाही, फ्रेम्स क्रमाने पोचाव्या लागतात. म्हणून दुसऱ्या पद्धतीत केबलींची लांबी जवळपास सारखी लागते, वेग सारखा लागतो, आणि पोर्टही स्विचच्या एकाच गटातले लागतात. १६ जी आणि ३२ जी वेगाच्या केबली एका ट्रंकमध्ये बसत नाहीत.

लांबीत थोडा फरक पडला तर काय बिघडतं? हे गणित नववी-दहावीच्या वर्गात सहज घेता येतं.

काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मायक्रोसेकंदात २०० मीटर. १६ जी पोर्ट एका दिशेला सेकंदाला सुमारे १६०० मेगाबाइट पाठवतो. पत्ता वगैरे धरून पूर्ण फ्रेम सुमारे २१५० बाइटची असते. ती बाहेर पडायला सुमारे १.३४ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात तिचं तोंड २६८ मीटर पुढे गेलेलं असतं!

म्हणजे केबलमध्ये धावणारी फ्रेम पाव किलोमीटरपेक्षा लांब असते. डोळ्यासमोर आणा : एक भलीमोठी रेल्वेगाडीच! एक केबल १० मीटरची आणि दुसरी ३०० मीटरची असेल, तर मागून निघालेली गाडी आधी पोचायची भीती आहे. स्विच हा फरक मोजतो आणि सांभाळून घेतो, पण त्यालाही मर्यादा आहे. लांबीतला फरक ३० मीटरच्या आत ठेवावा, असा ब्रोकेडचा सल्ला आहे.

६) लाइन क्लिअर

साध्या इंटरनेटच्या जाळ्यात गर्दी झाली की स्विच माहितीचा तुकडा सरळ टाकून देतो आणि पाठवणारा तो पुन्हा पाठवतो. व्हिडिओ बघताना ते खपून जातं. फायबर चॅनलची रीत वेगळी. समोरच्याकडे जागा आहे असं कळल्याशिवाय फ्रेम सोडायचीच नाही. प्रत्येक रिकाम्या जागेची एक 'क्रेडिट' असते. फ्रेम सोडली की एक क्रेडिट खर्च होते, समोरच्याने जागा मोकळी केली की ती परत मिळते.

भुसावळकरांना हे सांगायला नको. पुढच्या स्टेशनने लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सुटत नाही.

आता विचार करा. भुसावळ यार्डात एकही लाइन रिकामी नाही. मग जळगावपासून चार काय, दहा लाइनी असल्या तरी काय होईल? दहाही लाइनींवर गाड्या उभ्या राहतील. स्विचच्या जाळ्यातही असंच होतं. एखादा सर्व्हर किंवा कपाट माल उचलायला मंद असेल, तर त्याच्यामुळे दोन स्विचमधली सगळी मोट तुंबते आणि दुसऱ्यांच्या फ्रेम्सही अडकतात. अशा वेळी केबल वाढवून उपयोग नाही. दुखणं टोकाला आहे, औषध मध्ये देऊन कसं चालेल?

७) खरा मुद्दा : शिल्लक एकदाच खर्च होते

केबलींची मोट दोन कारणांसाठी बांधतात. एक, रुंदी वाढावी. दोन, एक तुटली तर बाकीच्यांनी काम पुढे न्यावं. विक्रीच्या पत्रकावर दोन्ही फायदे एकाखाली एक छापलेले असतात. पण ते दोन्ही पूर्णपणे एकदम मिळत नाहीत. हे फळ्यावर मांडून दाखवा.

चार केबली, प्रत्येकीची क्षमता १६०० मेगाबाइट प्रतिसेकंद. एकूण ६४००.

- पहिला प्रसंग : वाहतूक ४०००. प्रत्येकीवर १०००. एक तुटली, तर तिघींवर प्रत्येकी सुमारे १३३३. क्षमतेच्या आत आहे, कुणाला कळणारही नाही.
- दुसरा प्रसंग : वाहतूक ५२००. प्रत्येकीवर १३००. सगळं छान चाललंय. एक तुटली, तर तिघींवर प्रत्येकी सुमारे १७३३ पाहिजे. क्षमता १६००. तुंबलं!

दुसऱ्या प्रसंगात चौथी केबल 'जादा' नव्हतीच, ती रोजच्या कामाला जुंपलेली होती. अडीअडचणीसाठी ठेवलेले पैसे किराण्यात खर्च केले आणि दवाखान्याची वेळ आली, तशी गत.

नियम असा : एक तुटली तरी चालावं असं वाटत असेल, तर एकूण वाहतूक एक केबल कमी धरून उरलेल्या क्षमतेत बसली पाहिजे. चार केबलींसाठी ही मर्यादा ७५ टक्के, दोनसाठी ५० टक्के, आठसाठी साडेसत्त्याऐंशी टक्के. आणि खिडकी आधीच ठरलेली असेल, तर विभागणी समान होत नाही, म्हणून आणखी थोडा हात राखून ठेवायचा.

पहिल्या प्रसंगात 'कुणाला कळणारही नाही' असं म्हटलं. मोट बांधण्याचा मोठेपणा तोच, आणि धोकाही तोच.

चार शिक्षकांची शाळा घ्या. एकाची बदली झाली, जागा भरली नाही. उरलेल्या तिघांनी वर्ग जोडून घेतले. शाळा एक दिवसही बंद पडली नाही, कागदावर सगळं सुरळीत. म्हणून वरपर्यंत कुणाला घाई वाटत नाही. मग एक जण बाळंतपणाच्या रजेवर जाते, दुसऱ्याला निवडणुकीचं काम लागतं, आणि एके दिवशी चार वर्गांना एक माणूस उरतो. शाळा त्या दिवशी कोलमडली असं लोक म्हणतात. पण खरं तर ती पहिली जागा रिकामी राहिली त्या दिवसापासूनच कडेवर उभी होती.

केबलचंही हेच. पहिली तुटली तेव्हा काम थांबलं नाही, म्हणून कुणी पाहिलं नाही. दुसरी तुटली तेव्हा पगाराचा दिवस होता. म्हणून चांगल्या केंद्रात मोटेतली एक जरी लिंक गेली तरी लगेच इशारा वाजेल अशी व्यवस्था करतात, आणि काम चालू असलं तरी ती त्याच दिवशी दुरुस्त करतात.

८) मोट म्हणजे दुसरा रस्ता नव्हे

चारही लाइनी भुसावळ स्टेशनातच जातात. स्टेशनच बंद पडलं तर? चार असोत की चाळीस, सगळ्याच थांबतात. तसंच चारही केबली एकाच स्विचमध्ये गेल्या असतील आणि त्या स्विचची वीज गेली, तर मोटेचा उपयोग शून्य.

म्हणून सॅनमध्ये दोन पूर्णपणे वेगळी जाळी उभारतात. एका जाळ्याला 'फॅब्रिक' म्हणतात. फॅब्रिक 'अ' आणि फॅब्रिक 'ब', दोघांचे स्विच वेगळे, केबली वेगळ्या, शक्यतो विजेची लाइनही वेगळी. प्रत्येक सर्व्हरचा एक हात 'अ'मध्ये, दुसरा 'ब'मध्ये. दोन्ही फॅब्रिक एकमेकांना जोडत नाहीत, म्हणजे एकात झालेला गोंधळ दुसऱ्यात पसरत नाही. मोट फॅब्रिकच्या आत बांधायची. मोट ही रुंदी आहे, दुसरं फॅब्रिक हा दुसरा रस्ता आहे.

इथेही वरचंच गणित लागू होतं. 'अ' अर्ध्यापेक्षा जास्त भरलेलं, 'ब'ही तसंच, तर एकाने बसकण मारल्यावर दुसरं सगळा भार कसं उचलणार?

आणि 'वेगळा' हा शब्द जमिनीवरही खरा असावा. कागदावर दोन केबली, पण रस्त्याकडेला दोन्ही एकाच चरातून गेल्या असतील, तर जेसीबीचा एक फटका दोन्हींना पुरतो. महामार्गाची रुंदी वाढताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

९) वर्गात घेता येईल असा उपक्रम

दोन बाकांमध्ये खडूने चार रेषा आखा. एका बाजूला वीस मुलं, हातात १ ते २० क्रमांकाच्या चिठ्ठ्या.

१. आधी आडनावाच्या अक्षरावरून रेषा ठरवा आणि सगळ्यांना पलीकडे जायला लावा. वेळ मोजा.
२. मग एकच रांग करा, जी रेषा रिकामी त्यावरून जायचं. वेळ मोजा.
३. आता एक रेषा लांब, वळणाची करा. चिठ्ठ्यांचा क्रम पलीकडे बिघडतो का ते बघा.
४. एक रेषा पुसून टाका. पुन्हा वेळ मोजा.
५. शेवटी पलीकडच्या बाकावर एकच मुलगा चिठ्ठ्या घ्यायला बसवा आणि त्याला सावकाश सही करायला सांगा. चार रेषांवर काय होतं ते मुलांनाच सांगू द्या.

पंधरा मिनिटांचा खेळ आहे. खर्च खडूचा.

स्वाध्याय

- आठ केबलींची मोट, प्रत्येकीची क्षमता ३२०० मेगाबाइट प्रतिसेकंद. एक तुटली तरी चालावी म्हणून जास्तीत जास्त किती वाहतूक ठेवावी? (उत्तर : २२४००)
- दोन केबलींच्या मोटेवर प्रत्येकी ७० टक्के भार आहे. ही मोट सुरक्षित म्हणावी का? कारण द्या.
- आपल्या गावात पाणी, वीज किंवा रस्ता यांपैकी कशात 'मोट' आहे आणि कशात खरोखर 'दुसरा रस्ता' आहे? प्रत्येकी एक उदाहरण शोधा.

शेवटचा प्रश्न घरी जेवताना पालकांनीही मुलांबरोबर सोडवावा. उत्तर शोधताना बहुतेक ठिकाणी मोट सापडेल, दुसरा रस्ता क्वचितच. तो फरक मुलाला स्वतःहून दिसला, तर तो पुढे स्विचच्या खोलीत काम करो की ग्रामपंचायतीत, कामाला येईलच.